उन्हाळी : एका अबोल दुखण्याचा इतिहास

दिवाळी अंकात इतिहास म्हटला की वाचकांना किल्ले आठवतात, लढाया आठवतात, दरबार आठवतात. मी आज ज्याचा इतिहास सांगणार आहे ते दुखणे मात्र घरोघरचे आहे, आणि तरीही घरात ते कोणी मोठ्याने बोलत नाही. आमच्या आजीच्या तोंडी त्याला ‘उन्हाळी लागणे’ असे नाव होते. लघवीला आग होणे, घडोघडी जावेसे वाटणे आणि गेले तर चार थेंब होणे. आजी धण्याजिऱ्याचे पाणी पुढे करी आणि विषय तिथेच मिटे. डॉक्टर ह्याला मूत्राशयाचा जंतुसंसर्ग म्हणतात.

दुखणे जुनेच आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा आणि मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार सांगितले आहेत. आपल्या वैद्यांनी लक्षणे बारकाईने टिपली, गोखरू आणि पुनर्नवा ह्यांसारख्या वनस्पती योजल्या. पण कारण वातपित्तकफांत शोधले. युरोपातले वैद्य तरी काय निराळे करीत होते? काचेच्या भांड्यात लघवी धरून तिचा रंग न्याहाळीत. १४९१ साली व्हेनिसला छापलेल्या ‘फॅसिक्युलस मेडिसिने’ ह्या ग्रंथात अशा रंगांचे चक्रच दिलेले आहे. खरा अपराधी डोळ्यांना दिसतच नव्हता, तेथे दोष कोणाला द्यावा?

तो दिसला १८८५ साली. थिओडोर एशेरिश ह्या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या मुलांच्या विष्ठेत एका दंडगोल जंतूचे वर्णन केले. आज तो त्याच्याच नावावरून ई. कोलाय म्हणून ओळखला जातो. आतड्यात हा जंतू बहुधा निमूटपणे नांदतो. मूत्रमार्गात शिरला की मात्र उच्छाद मांडतो. १८९४ साली एशेरिशनेच ह्या जंतूमुळे मुलांना होणाऱ्या मूत्राशयदाहावर लिहिले.

हे दुखणे स्त्रियांच्याच वाट्याला अधिक का यावे? उत्तर शरीररचनेत आहे. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे वीस सेंटीमीटर लांब, तर स्त्रीचा जेमतेम चार. त्यातून त्याचे तोंड गुदद्वाराच्या जवळ. जंतूला वाट फारशी चालावी लागत नाही. ह्यात बाईच्या वागणुकीचा वा अस्वच्छतेचा दोष असतोच असे नाही, हे सासरमाहेरच्या वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

पण शरीराहून लाज अधिक घातक ठरली. पुरुष डॉक्टरापुढे अशी गोष्ट बोलायची कशी? आनंदीबाई जोशी ह्यांनी १८८३ साली श्रीरामपूरच्या सभेत, हिंदुस्थानाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे, हेच ठासून सांगितले होते. १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या, आणि त्याच वर्षी मुंबईत स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय उघडले.

आता औषधांची कथा. १८९४ सालीच निकोलायर ह्या जर्मन वैद्याने हेक्झामिन हे औषध मूत्ररोगांत वापरात आणले. आम्ल लघवीत त्याचे फॉर्माल्डिहाइड होते आणि ते जंतूंना मारते. पुढे १९३५ साली डोमाकने प्रॉन्टोसिल जगापुढे मांडले आणि सल्फा औषधांचे युग सुरू झाले. पेनिसिलिनचा बोलबाला फार; १९५५ साली आपल्या पिंपरीतही ते तयार होऊ लागले. परंतु कोलाय जातीच्या जंतूंवर ते चालत नाही, हे फ्लेमिंगने १९२९ सालीच नोंदवले होते. ह्या दुखण्याला १९५३ साली आलेले नायट्रोफ्युरॅन्टॉइन अधिक मानवले, आणि आजही डॉक्टर ते देतात.

त्याच दशकात बोस्टनच्या एडवर्ड कास ह्यांनी मोजणीला शिस्त लावली. एका मिलिलिटर लघवीत एक लाख वा अधिक जंतू वाढले तर तो संसर्ग समजावा, असे त्यांनी दाखवले. गरोदर स्त्रीला काही त्रास नसतानाही लघवीत जंतू असू शकतात आणि पुढे ते मूत्रपिंडापर्यंत पोहोचतात, म्हणून तिची तपासणी करतात, हेही त्यांच्याच कामाचे फळ.

औषधे वाढली तशी ती वाटेल तशी घेणेही वाढले. उरलेल्या गोळ्या शेजारणीला देणे, बरे वाटताच त्या थांबवणे, अशाने जंतू निर्ढावतात. गंमत पाहा, जुन्या हेक्झामिनपुढे जंतूंचा हा निर्ढावलेपणा चालत नाही. २०२२ साली ब्रिटनमध्ये २४० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, वारंवार होणारा संसर्ग टाळण्यास ते रोजच्या प्रतिजैविकाच्या जवळपास बरोबरीने उपयोगी पडले.

आणि आजीचे पाणी? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार हा त्रास होणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. त्यांतल्या निम्म्यांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी अधिक प्यायले. त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, इतरांना ३.२ वेळा. म्हणजे आजीचा हात बरोबर जागी पडला होता. मात्र ताप, हुडहुडी वा कमरेच्या वर पाठीत दुखू लागले, तर पाण्यावर विसंबू नये. संसर्ग मूत्रपिंडाला पोहोचला असेल, तेव्हा तडक डॉक्टर गाठावा.

तरी पाणी प्या म्हणणे सोपे. ज्या बाईला दिवसभर बाजारात भाजी विकायची आहे आणि जवळपास जायला जागा नाही, ती पाणी पिईल कशाला? ती तहान मारते आणि लघवी दाबून धरते. स्त्रियांना विनामूल्य आणि स्वच्छ मुताऱ्या मिळाव्यात म्हणून २०११ साली मुंबईत ‘राइट टू पी’ ही चळवळ उभी राहिली, तेव्हा काही लोक नाव ऐकूनच हसले. हसण्यासारखे त्यात काय होते? जंतू सापडला, औषध सापडले, मोजमापही सापडले. आता उरले ते दाराला कडी असलेले, नळाला पाणी असलेले एक स्वच्छतागृह. ते बांधायला कोणा एशेरिशची गरज नाही.