गरोदरपणात आजारपण आलं, गर्भपात झाला तर कामावरच्या महिलेला किती रजा, किती पगार? वाचा सविस्तर

चौथ्या महिन्यात रक्तस्राव सुरू झाला, डॉक्टरांनी पंधरा दिवस झोपून राहायला सांगितलं आणि कामावरून निरोप आला, ‘जमत नसेल तर राहू द्या, आम्ही दुसरी बाई बघतो.’ सिन्नर, दिंडोरीच्या कारखान्यांत, निफाडच्या द्राक्ष पॅकहाऊसमध्ये, तालुक्याच्या खासगी दवाखान्यात किंवा पतसंस्थेत काम करणाऱ्या कुठल्याही महिलेवर ही वेळ येऊ शकते. अशा वेळी घरचेही म्हणतात, ‘जाऊ दे, तब्येत महत्त्वाची.’ नोकरी जाते आणि हक्काचे पैसेही बुडतात.

बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा आता बऱ्याच जणींना माहीत आहे. पण गरोदरपणातील आजारासाठी आणि गर्भपातानंतरही वेगळी पगारी रजा आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात हे हक्क होते. २०१७ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली असून हे हक्क त्यातही कायम आहेत.

हक्क कोणाला?

कोणताही कारखाना, तसेच दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेलं दुकान, दवाखाना, कार्यालय किंवा इतर आस्थापना यात येते. प्रसूतीच्या अंदाजे तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या ठिकाणी किमान ८० दिवस काम झालेलं असावं. हे ८० दिवस सलग असण्याची गरज नाही. पगारी सुट्ट्याही त्यात धरल्या जातात.

‘तू रोजंदारीवर आहेस, तुला रजा नाही’ हे उत्तर चालत नाही. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरील महिला कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच रोजंदारीवरील महिलांनाही हा लाभ मिळाला पाहिजे, असा निकाल दिला. कंत्राटी कामाबाबत २०२३ चा निकाल महत्त्वाचा आहे. रजेच्या काळात कंत्राट संपलं, तरी लाभ पूर्ण कालावधीचा द्यावा लागेल, असं न्यायालयाने त्यात सांगितलं.

कोणत्या कारणासाठी किती रजा?

* प्रसूती : पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात.
* आधीच दोन किंवा जास्त मुलं हयात असतील तर : १२ आठवडे. त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त ६.
* गर्भपात : आपोआप झालेला असो वा डॉक्टरांनी कायद्यानुसार केलेला, त्या दिवसानंतर लगेच ६ आठवडे पगारी रजा. बेकायदा गर्भपाताला ही रजा नाही.
* गरोदरपणामुळे आलेला आजार : वरच्या रजेशिवाय आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा. प्रसूतीनंतरचा त्रास, दिवस पूर्ण होण्याआधी झालेली प्रसूती, गर्भपातानंतरचं आजारपण यासाठीही हीच तरतूद आहे.
* कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया : २ आठवडे पगारी रजा.
* बाळ कायदेशीर दत्तक घेतल्यास : १२ आठवडे.

बाळ मृत जन्मलं तर ‘आता बाळच नाही, मग रजा कशाला?’ असं म्हणून महिलेला कामावर बोलावलं जातं. हे चुकीचं आहे. कायद्याच्या व्याख्येत मृत जन्मलेलं बाळही येतं. त्यामुळे ती प्रसूतीच समजली जाते आणि प्रसूतीची रजा मिळते. मात्र २६ व्या आठवड्यापर्यंत गर्भ गेला तर तो गर्भपात धरतात आणि ६ आठवड्यांची रजा लागू होते. म्हणून दवाखान्याच्या कागदावर किती आठवडे झाले होते, हे स्पष्ट लिहून घ्यावं.

पैसे किती मिळतात?

रजेवर जाण्याआधीच्या तीन महिन्यांत काम केलेल्या दिवसांची सरासरी मजुरी काढली जाते. तेवढे पैसे रजेच्या प्रत्येक दिवसाला मिळतात. इथे एक गोम आहे. काही ठिकाणी आठवड्याचे सहाच दिवस धरून रविवार कापला जातो. पण आठवडा सात दिवसांचाच धरायचा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिलेला आहे.

समजा, रोजची सरासरी मजुरी ४०० रुपये आहे. मग हिशोब असा होतो :

* २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस : ७२,८०० रुपये
* गर्भपातानंतर ६ आठवडे म्हणजे ४२ दिवस : १६,८०० रुपये
* आजारपणाचे ३० दिवस : १२,००० रुपये

रविवार कापले तर २६ आठवड्यांत २६ दिवसांचे १०,४०० रुपये कमी पडतात. सही करण्याआधी दिवस मोजून घेतलेले बरे.

प्रसूतीआधीच्या रजेचे पैसे गरोदर असल्याचा दाखला दिल्यावर आगाऊ द्यायचे असतात. उरलेले पैसे प्रसूतीचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत द्यावे लागतात. मालकाने मोफत वैद्यकीय सेवा दिली नसेल, तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा मिळतो.

पगारातून ईएसआय कापला जात असेल तर

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि ईएसआय लागू असलेल्या महिलेला हे पैसे मालकाकडून नाही, तर कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून थेट बँक खात्यात मिळतात. त्यासाठी आधीच्या दोन अंशदान कालावधींत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. रजेचे आठवडे तेवढेच. पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआय कपात दिसते, पण विमा क्रमांक माहीत नाही, असं असेल तर तो आजच मागून घ्यावा. पैसे कापले आणि भरलेच नाहीत, हे वेळेआधी कळलेलं चांगलं.

कामावर असताना काय मागता येतं?

प्रसूतीच्या तारखेआधी साधारण शेवटच्या दहा आठवड्यांत महिलेने मागणी केली, तर तिला जड काम किंवा तासन् तास उभं राहण्याचं काम देता येत नाही. क्रेट उचलणं, गोण्या हलवणं यात येतं. हलकं काम दिलं म्हणून पगार कापता येत नाही. प्रसूती किंवा गर्भपातानंतरचे सहा आठवडे तर कामावर बोलावण्यालाच बंदी आहे. कामावर परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीशिवाय दिवसातून दोनदा दूध पाजण्यासाठी सुट्टी मिळते. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी.

या कायदेशीर रजेवर असताना महिलेला कामावरून काढता येत नाही. तिच्या कामाच्या अटी तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत. गरोदर आहे म्हणून काढलं, तरी तिचा लाभाचा हक्क जात नाही.

रजा मागताना ही काळजी घ्या

१. तोंडी सांगून थांबू नका. साध्या कागदावर अर्ज करा : रजा कधीपासून, कोणत्या कारणासाठी, आणि आपल्या पश्चात पैसे कोणाला द्यावेत त्याचं नाव.

२. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि सही घेऊन पोच ठेवा. पोच देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा.

३. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फक्त ‘विश्रांती’ नको. त्रास गरोदरपणामुळे आहे आणि किती दिवस विश्रांती हवी, हे लिहून घ्या.

४. माता बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचा अहवाल, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

५. हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, बँकेच्या नोंदी सांभाळा. मजुरी रोख मिळत असेल तर रोजची हजेरी वहीत लिहा. ८० दिवस दाखवायला हेच कामी येतं.

अर्ज द्यायला उशीर झाला, म्हणजे हक्क गेला असं नाही. प्रसूतीनंतरही अर्ज देता येतो.

मालकाने नकार दिला तर?

नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात लेखी तक्रार करता येते. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जावं. महिलांना मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. विधी सेवेचा फोन क्रमांक १५१०० आहे.

शेतमजूर आणि बांधकामावरच्या महिलांसाठी

दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणाऱ्या महिलेला ही पगारी रजा प्रत्यक्षात मिळत नाही. तिच्यासाठी सरकारी योजनांचाच आधार आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र महिलेला पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड किंवा दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका यांपैकी एक कागद पात्रतेसाठी चालतो. नोंदणी आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेकडे होते, ती दिवस राहिल्यावर लवकर करावी. सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधं आणि ने-आण मोफत आहे.

बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असलेल्या महिलेला नैसर्गिक प्रसूतीसाठी १५,००० आणि सिझेरियनसाठी २०,००० रुपये मिळतात, दोन मुलांपर्यंत. त्यासाठी नोंदणी चालू असली पाहिजे. नूतनीकरण राहिलं असेल तर ते आधी करून घ्यावं.