शाई उडाली, टोचणं राहिलं

त्वचेच्या दवाखान्यांतली बरीच माहितीपत्रकं मायक्रोनीडलिंगचं, म्हणजे बारीक सुया टोचून त्वचा सुधारण्याच्या उपचाराचं, कूळ सांगताना थेट चीन गाठतात. हजारो वर्षांपूर्वीचं अ‍ॅक्युपंक्चर आणि त्याचाच हा आधुनिक अवतार, असं सांगितलं की पेशंटलाही बरं वाटतं. चिनी वैद्यकात सात सुया बसवलेली एक छोटी हातोडी आहे खरी. मनगट सैल सोडून ती कातडीवर टकटक मारतात. पण ती आली शरीरातल्या चैतन्याचा प्रवाह मोकळा करायला. मुरुमांचे खड्डे भरून काढायचे असा विचार तिच्यामागे नव्हता. सुई दोन्हीकडे आहे एवढ्यावर नातं जोडायचं, तर शिंप्यालाही भाऊबंदांत धरावं लागेल.

जर्मनांचाही एक दावेदार आहे आणि तो जास्त मजेशीर आहे. बॉनजवळच्या एंडेनिख गावचा कार्ल बाउनशाइट. त्याच्या दुखऱ्या हाताला डास चावले आणि दुखणं कमी झालं, अशी कथा तो स्वतःच सांगायचा. त्यावरून त्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एक यंत्र केलं. लाकडी नळी, आत स्प्रिंग आणि टोकाला तीसेक सुया. यंत्राला नाव दिलं ‘जीवन जागवणारा’. स्प्रिंग ओढून सोडायची, सुया कातडीत घुसायच्या आणि वर आग आग होणारं एक गुप्त तेल चोळायचं. पुरळ उठलं की विष बाहेर पडलं म्हणायचं. यंत्र तडाखेबंद खपलं. आजच्या सुयांच्या शिक्क्याशी त्याचं तोंड इतकं जुळतं की पुष्कळजण त्याला मूळपुरुष ठरवतात. माझ्या मते हा तोतया आहे. टोचून जखम करायची आणि ती भरताना त्वचा स्वतःहून नवी होते, या कल्पनेचा त्याच्याकडे मागमूस नव्हता.

खरी वंशावळ सुरू होते ती कचेरीतून. थॉमस एडिसनने १८७६ साली अमेरिकेत विजेच्या लेखणीचं पेटंट घेतलं. लेखणीच्या डोक्यावर छोटी मोटर, नळीत सुई, शेजारी बॅटरीची बरणी. मोटर फिरली की सुई सेकंदाला पन्नासेक वेळा खालीवर व्हायची. कारकून नेहमीसारखा लिहायचा, पण कागदावर उमटायची ती बारीक भोकांची अक्षरं. तो कागद चौकटीत ताणून वरून शाईचा रूळ फिरवला की खालच्या कोऱ्या कागदावर प्रत तयार. शाळेत सायक्लोस्टाइल केलेल्या प्रश्नपत्रिका ज्यांनी सोडवल्या, त्यांनी या लेखणीच्या चुलतभावंडाची करामत पाहिली आहे. ही लेखणी मात्र फार दिवस टिकली नाही. बॅटरीतली रसायनं सांभाळता सांभाळता कारकून वैतागले, आणि पुढे टाइपरायटर आला.

तिला दत्तक घेतलं गोंदणाऱ्यांनी. न्यूयॉर्कच्या बावरी भागात दुकान थाटलेल्या सॅम्युअल ओरायलीने १८९१ च्या डिसेंबरात गोंदण्याच्या विजेच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. ते उघडउघड एडिसनच्या लेखणीवर बेतलेलं होतं. कागदाच्या जागी कातडी आली आणि सुईबरोबर शाई आत जाऊ लागली. आपल्याकडे तोवर आणि नंतरही कित्येक वर्षं गोंदणाऱ्या बायका हातानेच सुया टोचून, काजळीचा रंग भरत कपाळावर ठिपका आणि हातावर तुळस काढत होत्या. पद्धत कोणतीही असो, सगळ्यांचं लक्ष रंगाकडे. रंग नीट बसला की काम झालं. सुईने त्या जागच्या त्वचेचं काय केलं हे बघायचं कुणाला कारणच नव्हतं.

ते कारण मिळालं माँट्रियलमध्ये. तिथले प्लास्टिक सर्जन आंद्रे कामिराँ यांच्याकडे चेहऱ्यावर व्रण राहिलेले काही पेशंट होते. व्रण आजूबाजूच्या त्वचेपेक्षा पांढरट, त्यामुळे लगेच डोळ्यांत भरणारे. उपाय सोपा होता. गोंदण्याचं यंत्र घ्यायचं, त्वचेच्या रंगाची शाई भरायची आणि व्रण झाकून टाकायचा. वर्ष-दोन वर्षांनी पेशंट परत दाखवायला आले, तेव्हा भरलेली शाई उडून गेलेली होती. म्हणजे गोंदण म्हणून काम फसलं. पण व्रण सपाट आणि मऊ झाले होते, आणि त्यांच्यात त्वचेचा स्वतःचा रंग परतू लागला होता. शाई नसताना हे झालं, म्हणजे करणारी सुईच. मग कामिराँ आणि त्यांचे सहकारी दुसे यांनी शाई न भरताच यंत्र चालवलं. १९९७ साली त्यांचा लेख आला आणि त्यात या पद्धतीला नाव दिलं ‘नीडल डर्माब्रेजन’, म्हणजे सुईने त्वचा घासणं.

नाव चुकीचं, पण ते का पडलं हे समजण्यासारखं आहे. व्रण घालवायचा तर वरची त्वचा खरवडून काढायची, हाच तोवरचा शिरस्ता होता. बर्लिनच्या अर्न्स्ट क्रोमायरने १९०५ च्या सुमारास दंतवैद्याची फिरती यंत्रं चेहऱ्यावर चालवून त्याची सुरुवात केली. १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅब्नर कर्टिनने गरगर फिरणारा तारेचा ब्रश आणला. पुढे लेसर आले, पण तेही वरचा थर जाळूनच काढत. खरवडलेली जागा उघडी पडते, आठवडाभर पाझरते, आणि सावळ्या त्वचेत तर नंतर काळे डाग पडण्याची भीती फार. सुईचं तसं नाही. ती वरच्या थरातून आत जाते आणि बाहेर येते, थर मात्र जागेवर राहतो. भोक लवकर बुजतं. आत थोडं रक्त येतं, रक्तबिंबिका दुरुस्तीचे निरोप धाडतात, पेशी त्वचेला आधार देणारं कोलॅजेन विणायला लागतात. हे विणकाम महिनोन्‌महिने चालतं, म्हणून फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. सावळ्या कातडीच्या देशांत हा उपचार इतका रुजला याचं मोठं कारण हा शाबूत राहिलेला वरचा थर आहे.

यंत्राला आजचं रूप मिळालं केपटाउनमध्ये. तिथले प्लास्टिक सर्जन डेस्मंड फर्नांडिस नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून वरच्या ओठावरच्या उभ्या सुरकुत्यांवर सुया वापरून पाहत होते. गोंदण्याच्या यंत्राबद्दल त्यांची तक्रार कारागिराची होती: काम फार हळू, भोकं फार जवळजवळ आणि पुरेशी खोल नाहीत. त्यांनी आधी सुयांचा शिक्का केला, मग सुयांनी भरलेला रूळ. रूळ फिरताना सुई तिरकी शिरते, रूळ पुढे सरकला की खोल जाते आणि उलट्या बाजूला तिरकी होऊन निघते. त्यामुळे आतली वाट किंचित वाकडी होते. खोल उपचारात ते सुया चांगल्या दोन-तीन मिलिमीटर घालत, चेहरा रक्ताळत असे, आणि आधी काही आठवडे त्वचेला अ आणि क जीवनसत्त्व द्यायचा त्यांचा आग्रह असे. २००५ मध्ये त्यांनी ही पद्धत सविस्तर लिहून काढली. पुढे एका जर्मन कंपनीचं ‘डर्मारोलर’ हे नाव इतकं चाललं की वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं ते सगळ्याच रुळांना चिकटलं. नेहमीच्या रुळावर १९२ सुया असतात.

रुळामागोमाग पेन आलं. हातात धरायची नळी, आत मोटर, टोकाला सरळ खालीवर होणाऱ्या सुया. एडिसनच्या लेखणीशेजारी ठेवलं तर घराणं ओळखायला कुणाची साक्ष लागणार नाही. रुळाच्या तुलनेत त्याचे फायदे खरे आहेत. नाकाच्या बाजूला, डोळ्यांच्या कडेला ते पोचतं, खोली बटणावर बदलता येते आणि सुयांचं टोपण दर पेशंटला नवं लावता येतं. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०१८ साली अशा पहिल्या पेनला बाजारात यायची परवानगी दिली, तीही मोजूनमापून: २२ वर्षांवरच्या माणसांच्या चेहऱ्यावरचे मुरुमांचे व्रण.

भारतात या विषयावर लिहिलं जाऊ लागलं ते साधारण २००९ पासून. श्रीनगरचे इम्रान मजीद यांनी चेहऱ्यावर खड्डे असलेल्या ३७ पेशंटांचे निष्कर्ष त्या वर्षी मांडले. उथळ, लाटेसारखे खड्डे छान भरतात, टाचणीने खोल टोचल्यासारखे अरुंद खड्डे दाद देत नाहीत, हे आता बहुतेक त्वचातज्ज्ञ मान्य करतात. या कुळाला नवी शाखा फुटली ती मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात. डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी टक्कल पडू लागलेले १०० पुरुष घेतले. सगळ्यांना मिनॉक्सिडिल हे केस वाढवणारं औषध, पण निम्म्यांच्या डोक्यावर आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटरचा रूळही. बारा आठवड्यांनी ठरवलेल्या जागेतले केस मोजले. नुसत्या औषधाने सरासरी बावीसेक वाढले होते, रुळासह एक्क्याण्णव. २०१३ साली छापलेला हा अभ्यास आज जगभर केसांच्या चर्चेत निघतो. पालिकेच्या, खचाखच भरलेल्या रुग्णालयातून ही गोष्ट निघाली, याचं आपण फारसं कौतुक केलेलं नाही.

याच काळात एक बिघडलेली शाखाही वाढली. पेशंटचंच रक्त काढून, त्यातला बिंबिकांचा भाग सुयांबरोबर चेहऱ्यावर लावायचा, याला ‘व्हॅम्पायर फेशियल’ असं भपकेबाज नाव मिळालं. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका विनापरवाना स्पामध्ये हे चालायचं. तपासणी करणाऱ्यांना तिथे नावं न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या खाण्याच्या पदार्थांशेजारी फ्रिजमध्ये सापडल्या. स्पा २०१८ साली बंद झाला. त्याच्या गिऱ्हाईक बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केलं. दोष सुईच्या विद्येचा नव्हता, एकाचं रक्त दुसऱ्यापर्यंत पोचू देणाऱ्या हातांचा होता.

आपल्याकडे हेच रूळ ऑनलाइन काही शे रुपयांना मिळतात, आणि पार्लरमध्ये ‘कोलॅजेन सीटिंग’ म्हणून पेनही फिरतं. घरचा रूळ पाव मिलिमीटरचा असेल तर तो क्रीम आत जिरवायला थोडी मदत करेल, खड्डे भरणार नाही. लांब सुयांचा असेल तर तो घरी वापरूच नये. अंगावर मुरूम फुललेले असताना, व्रण जाड होऊन वाढायची खोड असताना किंवा ओठांवर नागीण उठलेली असताना सुया टाळाव्यात. जिथे कुठे कराल तिथे एवढं बघा: त्वचेचा डॉक्टर जागेवर आहे, आणि सुयांचं पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडलं जातंय. आधीच उघडं असेल तर भूल देणारं क्रीम पुसून सरळ उठून या.