मनगटातली थरथर

डायलिसिस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उभं राहतं ते यंत्र. पण या उपचाराच्या इतिहासात यंत्राहूनही चिवट ठरला तो एक साधा वाटणारा प्रश्न: रुग्णाचं रक्त यंत्रापर्यंत न्यायचं कुठून?

डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, कांपेन या गावी, कृत्रिम मूत्रपिंड वापरायला सुरुवात केली. लाकडी पट्ट्यांचं फिरतं पिंप आणि त्याभोवती गुंडाळलेली सेलोफेनची नळी, असा सारा सरंजाम. पहिली रुग्ण होती २९ वर्षांची तरुणी. तिच्यावर बारा वेळा उपचार झाले. पण एकेक रक्तवाहिनी निकामी होत गेली आणि शेवटी रक्त घ्यायला जागाच उरली नाही. ती गेली. यंत्र मात्र बिघडलं नव्हतं!

यावर पहिला तोडगा निघाला अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये. १९६० साली डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर आणि वेन क्विंटन यांनी टेफ्लॉनची नळी धमनी आणि शिरेत बसवून हाताबाहेर कायमची ठेवली. बोइंगच्या कारखान्यातले कामगार क्लाइड शील्ड्स यांना ती मार्चमध्ये बसवली गेली आणि ते पुढे अकरा वर्षं जगले. पण बाहेरची नळी ती! कधी जंतुसंसर्ग, कधी रक्ताची गुठळी, कधी नळीच निसटायची. आणि नळी बदलताना आणखी एक रक्तवाहिनी खर्ची पडायची.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या डॉ. जेम्स सिमिनो आणि डॉ. मायकेल ब्रेशिया यांनी नळीच काढून टाकली. विद्यार्थिदशेत सिमिनो रुग्णांचं रक्त काढण्याचं काम करत. शिरांशी त्यांची ओळख जुनी. शल्यविशारद केनेथ अ‍ॅपेल यांनी मनगटातली धमनी आणि तिच्या शेजारची शीर कातडीखालीच एकमेकींना जोडली. धमनीच्या दाबाने शीर काही आठवड्यांत फुगते, जाड होते, आणि वर्षानुवर्षं सुई टोचून घेते. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ‘फिस्टुला’ माझ्या मते यंत्राच्याच तोडीचा शोध आहे.

अर्थात त्याचीही दुखणी निघाली. जोडाजवळ शीर अरुंद होते, गुठळी धरते. एकाच जागी टोचत राहिलं तर तिथे फुगा येतो. सर्वांत चमत्कारिक प्रकार म्हणजे रक्ताची ‘चोरी’. सोप्या वाटेने रक्त शिरेत पळतं आणि बोटं उपाशी राहतात. ती गार पडतात, ठणकतात. फिस्टुला बांधून टाकला की हात वाचतो, पण डायलिसिसची वाट बंद होते. डॉ. हॅरी शान्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये वेगळी युक्ती मांडली. जोडाच्या पुढे धमनी बांधायची, म्हणजे बोटांकडचं रक्त उलटं फिरत नाही. आणि जोडाच्या बरंच वरून एक नवी वाट काढून हाताला रक्त पोहोचवायचं. हातही राहतो, फिस्टुलाही.

ही काटकसर शल्यविशारदाला करावीच लागते, कारण शिरा मोजक्याच. म्हणून शक्यतो कमी वापराच्या हातापासून, मनगटाजवळून सुरुवात होते. त्या हाताची सुई, रक्तदाबाचा पट्टा टाळला जातो. फिस्टुलावर बोट ठेवलं की मांजराच्या गुरगुरण्यासारखी थरथर लागते. रुग्णाने ती रोज तपासायची. ती थांबली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. गुठळी जुनी होत जाते, तशी काढणं अवघड होत जातं.