फुले आणि निदण

कुंभकोणमच्या बाजारात ओवलेली फुले हातावर मोजून विकतात. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या या मापास तमिळमध्ये 'मुळम्' म्हणतात. असे दोन-चार मुळम् घेऊन कोणी कुंभेश्वरास जातो, कोणी शारंगपाणीस, कोणी लग्नघरी, कोणी मयताच्या घरी. 1899 पासून हे गाव कॅथॉलिक धर्मप्रांताचे मुख्य ठाणे आहे, त्यामुळे त्याच बाजारातील माळ मेरीमातेच्या गळ्यातही पडते. येथे त्याचे कोणास नवल वाटत नाही. परंतु सुमारे दोनशे वर्षांपूर्वी, येथून चाळीस किलोमीटरांवरील तंजावरात, प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळीत याच फुलांवरून मोठा कलह माजला होता. आणि त्या कलहात पोळलेल्या एका तमिळ ख्रिस्ती कवीस अखेर आश्रय दिला तो एका मराठी शिवभक्त राजाने. तंजावरच्या भोसल्यांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात सरस्वती महाल असतो, लावणी आणि नाटके असतात; ही हकीकत क्वचितच येते.

हकीकतीचा कणा कळण्यासाठी एक गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे. ख्रिस्ती शास्त्रात आत्म्याच्या वाढीविषयी बोलताना शेत आणि बाग यांचाच आधार वारंवार घेतलेला आहे. पेरणाऱ्याचे बी वाटेवर, खडकावर, काट्यांत आणि चांगल्या जमिनीत पडते. मोहरीचा दाणा वाढून पाखरांचे आश्रयस्थान होतो. फांदी द्राक्षवेलीला धरून राहिली तरच फळते. पौल करिंथकरांस लिहितो की, लावणारा एक, पाणी घालणारा दुसरा, पण वाढविणारा केवळ देव. तीन वर्षे फळ न देणाऱ्या अंजिरास तोडू नये, आणखी एक वर्ष आळे खणून खत घालू द्यावे, अशी माळी धन्याजवळ रदबदली करतो. आणि गव्हात निदण, म्हणजे गव्हासारखेच दिसणारे तण, उगवले तेव्हा धनी चाकरांस म्हणतो की, कापणीपर्यंत हात लावू नका. निदणाबरोबर गहूही उपटला जाईल. सावता माळ्याच्या अरणच्या मळ्याशी ज्याचा परिचय आहे अशा मराठी वाचकास ही भाषा परकी वाटण्याचे कारण नाही. फरक इतकाच की सावत्याचा मळा त्याच्या स्वतःच्या मातीत होता. तंजावरचा ख्रिस्ती मळा लावणारे माळी दूर देशाहून आले होते. यातले तण कोणते आणि फूल कोणते, हे ठरविण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे पहिल्या दिवसापासून उभा होता.

हे माळी मुख्यतः जर्मनीतील हाल्ले येथून आले. 1706 मध्ये झीगेनबाल्ग डेन्मार्कच्या राजाच्या वतीने तरंगमबाडीस उतरला, तेव्हापासून ही परंपरा सुरू होते. हाल्लेच्या भक्तिपंथी मंडळींत योहान आर्न्ट याचे 1612 चे प्रार्थनापुस्तक फार प्रिय होते. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थच 'नंदनवनातील छोटी बाग' असा आहे. मनात सद्गुण पेरावे, ते प्रार्थनेने शिंपावे, ही त्यांची नित्याची बोली. पण केवळ बोलीच नव्हे. 1768 मध्ये मिशनचा वैद्य म्हणून आलेला कोनिग हा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य होता. त्याच्यामागून आलेल्या रॉटलर पाद्र्याने जन्मभर येथील झाडे गोळा केली आणि त्याचा वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह पुढे इंग्लंडात क्यूच्या उद्यानापर्यंत पोहोचला. रविवारी रोपट्याचा दाखला देणारा पाद्री सोमवारी तेच रोपटे कागदात दाबून त्याचे नाव लिहीत असे, हे चित्र मला मोठे लोभस वाटते.

या सर्वांत तंजावरशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले तो ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. 1750 मध्ये तो भारतात आला आणि 1778 पासून तंजावरात स्थिरावला. दरबाराची भाषा मराठी म्हणून तो मराठी शिकला. तुळजाजीच्या अखेरच्या काळात राज्यातील जुलमास कंटाळून कुळे गावे सोडून गेली होती आणि कावेरीचे पाणी आले तरी शेते पडीक होती. राजाने अभय दिले, पण त्यावर कोणी विश्वास ठेवीना. श्वार्ट्झने स्वतःचा शब्द देऊन निरोप धाडले, तेव्हा एका दिवसात सात हजार माणसे परत आली, असे त्याने स्वतः नमूद केले आहे. लावणीचा हंगाम जवळजवळ हुकला आहे, कसून कामाला लागा, असे तो म्हणाला तेव्हा, आपण आमच्यावर दया केलीत, आता आम्ही रात्रंदिवस राबू, असे त्यांनी उत्तर दिले. महसूल खात्यात काम केलेल्या आपल्यापैकी अनेकांस या प्रसंगाची किंमत अधिक कळेल. सरकारी अभयपत्र आणि माणसाचा शब्द यांतले अंतर तेथे उघड दिसते.

1787 मध्ये तुळजाजी वारला. दत्तक घेतलेल्या लहानग्या सरफोजीचा सांभाळ श्वार्ट्झने करावा, अशी त्याची इच्छा होती. पुढे चुलता अमरसिंग याच्याकडून मुलाचे हाल होऊ लागले, तेव्हा श्वार्ट्झने मध्ये पडून त्यास मद्रासला सुरक्षित ठेवविले आणि त्याच्या शिक्षणाची सोय लावली. 13 फेब्रुवारी 1798 रोजी श्वार्ट्झ निवर्तला. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आला. अशा हातांखाली वाढलेला राजा ख्रिस्ती होईल, अशी पुष्कळांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. सरफोजी झाला नाही. बृहदीश्वराच्या मंदिरात 1803 मध्ये त्याने भोसले वंशाचा इतिहास कोरविला. 1820 मध्ये मोठा लवाजमा घेऊन तो काशीयात्रेस निघाला. मात्र गुरूविषयीचे त्याचे प्रेम जन्मभर टिकले. त्याच्या समाधीवर त्याने स्वतः रचलेल्या इंग्रजी ओळी कोरलेल्या आहेत. पौलाच्या शब्दांचा अर्थ श्वार्ट्झला खरोखर उमगला होता, असे मी यावरून समजतो. झाडाने अमुकच फळ द्यावे, हा हट्ट धरणाऱ्या माळ्याचे झाड त्याच्यावर असे प्रेम करीत नाही.

याच माळ्याने आणखी एक रोप तंजावरात आणून लावले होते. तिरुनेलवेलीकडे 1774 मध्ये जन्मलेला वेदनायक शास्त्री बारा वर्षांच्या आगेमागे श्वार्ट्झबरोबर येथे आला, तरंगमबाडीस शिकला आणि ऐन विशीत तंजावरच्या शाळेचा मुख्य झाला. तो आणि सरफोजी जवळजवळ एकाच वयाचे. त्याने 1800 मध्ये 'बेथलेहेम कुरवंजी' लिहिली. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणाऱ्या डोंगरी स्त्रीला मध्यवर्ती कल्पून रचलेला नृत्यप्रबंध. शास्त्र्याने त्या साच्यात ख्रिस्तकथा ओतली. इकडे सरफोजीच्या नावावर 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक आहे, त्यात ती भविष्यवादिनी चक्क जगाचा भूगोल सांगते. एकाच गावी, एकाच साच्यात, एकाने तमिळमध्ये येशू आणि दुसऱ्याने मराठीत पृथ्वीचे खंड बसवावे, अशी मौज अन्यत्र विरळाच आढळेल.

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत मळ्याचे माळी बदलले. जुनी हाल्लेची पिढी संपली, आणि नव्या पाद्र्यांस मंडळीत सगळीकडे तण दिसू लागले. फाब्रिशियसचे जुने तमिळ शास्त्र त्यांना बदलावयाचे होते. उपासनेतील तमिळ पदे त्यांना नको होती. लग्नात आणि सणासुदीस घातल्या जाणाऱ्या फुलांच्या माळांना मूर्तिपूजेचा वास येतो, असे त्यांचे म्हणणे. आणि देवळात वेल्लाळ एका बाजूस व परैयर दुसऱ्या बाजूस बसत, प्रभुभोजनाचा प्याला घेतानाही हा भेद पाळीत, तो त्यांना मोडावयाचा होता. 1829 च्या सुमारास वेदनायक शास्त्र्याने या चार गोष्टींस चार जुलूम म्हणून त्यांविरुद्ध लेखणी उचलली. मिशनची चाकरी सुटली. तेव्हा सरफोजीने त्यास दरबारी कवी म्हणून ठेवून घेतले. शिवभक्त राजाच्या पदरी राहून हा कवी येशूचीच पदे गात राहिला. राजाने बृहदीश्वरावर रचना करावयास सांगितली असता त्याने नम्रपणे नकार दिला, असे सांगतात. नकारानंतरही राजाचा लोभ कमी झाला नाही, हे विशेष.

येथपर्यंत वाचून वाचकाचे मन कवीच्या बाजूस झुकले असेल. माझेही झुकले होते. परंतु त्याच्या तक्रारीतील चार कलमे पुन्हा एकेक करून पाहिली की जीव अडखळतो. फुलांची माळ आणि जातीची पंगत त्याने एकाच परडीत ठेवली आहे. दोन्हीही त्याला देशरीतीच वाटत होत्या. एक सुगंधी आणि दुसरी दुसऱ्याच्या गळ्याला फास, हे त्याला दिसले नाही. तो स्वतः वेल्लाळ होता, देवळाच्या बऱ्या बाजूस बसणारा. पलीकडे बसणाऱ्या परैयर ख्रिस्त्यांस त्या वर्षी काय वाटत होते, ते त्याच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आलेले नाही. नव्या पाद्र्यांचीही गत उलट दिशेने तीच. त्यांनी जातिभेद हे तण म्हणून ओळखले, यात ते निःसंशय बरोबर होते. पण त्याच झपाट्यात मोगरा आणि गाणेही उपटून टाकू लागले. 1833 मध्ये बिशप डॅनियल विल्सनने जातिभेद तत्काळ आणि कायमचा सोडावा, असा हुकूम धाडला, तेव्हा तंजावरच्या अनेक वेल्लाळ कुटुंबांनी मंडळीकडे पाठ फिरविली.

दोष केवळ नव्यांच्या घाईचा म्हणावा, तर तेही खरे नव्हे. श्वार्ट्झने वेगळ्या बैठकी चालू दिल्या होत्या. काळाने भेद आपोआप गळेल, अशी त्याची समजूत होती. निदणाच्या दाखल्यातील धन्याचा धीर त्याने अंगी बाणविला होता. पण त्या दाखल्यात निदण वेगळे उगवलेले असते. येथे ते माणसांच्या मानेवर वाढत होते. पाच दशके वाट पाहिल्याने त्याची मुळे सैल झाली नाहीत, घट्ट झाली. सरफोजीच्या बाबतीत जो संयम थोर ठरला, तोच परैयरांच्या बाबतीत महाग पडला. एकाच माळ्याविषयी या दोन्ही गोष्टी लिहाव्या लागतात.

आपल्या मराठीत हा प्रश्न दोनदा निराळ्या रीतीने सुटलेला आहे. गोव्यात फादर स्टीफन्सने 1616 मध्ये 'क्रिस्तपुराण' छापले तेव्हा ओवी आणि पुराणाचा घाट त्याने संकोच न करता घेतला, आणि मराठीची थोरवी सांगताना फुलांतील मोगरीचीच उपमा दिली. पुढे नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. फुलांचा आणि मुलांचा कवी म्हणून ओळखला जाणारा हा माणूस अहमदनगरच्या मंडळीत अभंग आणि कीर्तन घेऊन आला. ज्या देशी गाण्यासाठी तंजावरच्या शास्त्र्याची चाकरी गेली, ते गाणे टिळकांमुळे मराठी उपासनेचा कणा झाले. आणि टिळकांनी जातीचा अभिमान मात्र दारातच सोडला होता. फूल ठेवून तण काढता येते, हे त्यांनी करून दाखविले, असे म्हणताना मला अतिशयोक्ती वाटत नाही. अखेर त्यांनाही मिशनची चौकट अपुरी पडली आणि 1917 मध्ये त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारावयास घेतला. दोनच वर्षांत ते गेले.

वेदनायक शास्त्री दीर्घायुषी ठरला. सरफोजी 1832 मध्ये वारला, त्यानंतर बत्तीस वर्षे, 1864 पर्यंत तो जगला. 1855 मध्ये तंजावरचे राज्य खालसा झालेलेही त्याने पाहिले. त्याची पदे तमिळ देवळांतून आजही गातात, आणि लग्नातील ख्रिस्ती वधूवरांच्या गळ्यात माळाही असतात.

तंजावरास जाण्याचा योग आला तर मोठ्या देवळाला लागून असलेल्या शिवगंगा बागेत अवश्य जावे. 1779 मध्ये श्वार्ट्झने बांधलेले छोटे चर्च तेथेच आहे. भोवतालची सार्वजनिक बाग पुढे, 1870 नंतरच्या वर्षांत झाली. आत सरफोजीने इंग्लंडातील शिल्पकार फ्लॅक्समन याजकडून करवून घेतलेले संगमरवरी शिल्प आहे. पाद्री शय्येवर आहे, आणि पागोटे घातलेला मराठी राजा त्याचा हात हाती घेऊन उभा आहे.