भाडेपावती ते इंडेक्स टू

गिरगाव, लालबाग, दादरच्या जुन्या चाळींमध्ये ज्यांची घरं होती, त्यांच्या कपाटात खरेदीखत कधीच नव्हतं. होती ती भाडेपावत्यांची चळत. त्या पावत्यांवरचा आकडा वर्षानुवर्षं जवळपास हललाच नाही, आणि मुंबईत घर विकण्या-घेण्याची आजची सगळी पद्धत तिथूनच घडत गेली. आज बिल्डरच्या ऑफिसात किंवा वकिलाच्या टेबलावर कागदांची जी जाडजूड फाइल पुढे येते, तिच्यातला जवळजवळ प्रत्येक कागद कुठल्या ना कुठल्या टंचाईतून किंवा फसवणुकीतून जन्माला आला आहे. कुठला कागद कशासाठी आला हे ठाऊक असलं, की घर घेताना नेमकं काय पाहायचं हे आपोआप उमगतं.

भाडं रोखणारे कायदे मुंबईला नवे नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्येही असा कायदा झाला होता. दुसऱ्या महायुद्धात शहर पुन्हा माणसांनी फुगलं, पाठोपाठ फाळणीनंतरचे निर्वासित आले. १९४७चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा फेब्रुवारी १९४८ मध्ये लागू झाला आणि जुन्या घरांचं भाडं १ सप्टेंबर १९४० रोजी जे होतं, तिथेच बांधलं गेलं. हे झालं त्या घराचं ‘प्रमाण भाडं’. कायदा खरं तर ठरावीक मुदतीसाठी होता. मुदत संपत आली की ती वाढवली जाई, पुन्हा वाढवली जाई. असं करत तो अर्धशतक टिकला.

भाडेकरूला या कायद्याने फार मोठा आधार दिला, हे आधी मान्य करायला हवं. गिरणीतला कामगार, बँकेतला कारकून, शाळेतली शिक्षिका या सगळ्यांना शहराच्या मध्यावर डोक्यावर छप्पर राहिलं ते या संरक्षणामुळेच. पण भाडं गोठलं तरी जागेची किंमत गोठली नव्हती. ज्या खोलीचं भाडं नाममात्र, तिच्या ताब्याला बाजारात मोठी रक्कम मोजणारे लोक रांगेत उभे होते. ही रक्कम म्हणजे पागडी. नवा भाडेकरू ती जुन्याला देई, त्यातला एक हिस्सा घरमालकाकडे जाई. हा हिस्सा साधारण एक तृतीयांश असावा, असा रिवाज पडला. मग मालक नव्या माणसाच्या नावाने भाडेपावती फाडे.

कायद्याला हे मंजूर नव्हतं. भाड्याखेरीज वर पैसे घेणाऱ्या मालकाला शिक्षेची तरतूद होती, जागा सोडण्याबद्दल पैसे घेणारा भाडेकरूही गुन्हेगार ठरत होता. त्यामुळे व्यवहार रोखीत होई, कागदावर काहीच येत नसे. मुंबईच्या घर-व्यवहारांना रोकड्याची जी सवय लागली आणि पुढे मालकीच्या फ्लॅटमध्येही ‘इतके चेकने, इतके कॅशने’ म्हणून जी मुरली, तिचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. कायद्याने दार बंद केलं म्हणून गरज संपली नाही. ती मागच्या दाराने आली, आणि त्या व्यवहारात सगळ्यात उघडा पडला तो आयुष्याची पुंजी घेऊन आलेला नवा माणूस. पैसे दिल्याचा पुरावा त्याच्याकडे नसे, आणि असला तरी तो दाखवायची सोय नसे.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडं असं गोठवून ठेवणं काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५६ने भाडेहक्क सोडण्याबद्दल भाडेकरूला आणि हस्तांतराला संमती देण्याबद्दल मालकाला मोबदला घेण्याची मुभा दिली. म्हणजे आज पागडीची खोली घेणं हा चोरटा व्यवहार राहिलेला नाही, आणि म्हणूनच तो तोंडी करण्याचं काही कारण उरलेलं नाही. मालकाची लेखी संमती, नोंदणीकृत दस्त, बँकेतून गेलेले पैसे आणि नव्या नावाची भाडेपावती ही चार माणसं साक्षीला असल्याशिवाय कुणी पागडीच्या खोलीत पेटी ठेवू नये. आणखी एक गोष्ट विसरू नये. पागडीच्या खोलीत मिळतो तो भाडेहक्क, जमीन आणि इमारत मालकाचीच राहते. उद्या इमारत पुनर्विकासाला गेली तर कुणाच्या नावावर काय येणार, हे त्या पावतीवर आणि पात्रतेच्या यादीवर ठरतं.

मालकी वाटून घेण्याचा एक वेगळा, कितीतरी सुंदर प्रयोग याच शहरात या भाडे-कायद्यांच्याही आधी झाला होता. १९१२च्या कायद्याने सहकाराची वाट पतपेढ्यांपलीकडे मोकळी केली, आणि १९१५ मध्ये गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. तिच्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांची धडपड होती. ताडदेवच्या तालमकीवाडीला त्यांचं नाव आहे ते त्यामुळेच. देशातल्या अगदी आरंभीच्या गृहनिर्माण संस्थांपैकी ही एक. कल्पना साधी होती. जमीन आणि इमारत संस्थेची, संस्था सभासदांची, आणि सभासद आपल्या जागेत राहायचा तो संस्थेचा भागधारक म्हणून. घरमालक नावाचा तिसरा माणूसच मधून काढून टाकला. आज प्रत्येक सोसायटीत मिळणारं शेअर सर्टिफिकेट या कल्पनेतून आलेलं आहे.

मुंबईभर सोसायट्या पसरल्या त्या मात्र तालमकींच्या मार्गाने कमी आणि बिल्डरच्या मार्गाने जास्त. भाडं गोठल्यावर भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणं परवडेनासं झालं. बांधणाऱ्याने मग जागा विकायलाच सुरुवात केली. पन्नाशीच्या दशकात ‘ओनरशिप फ्लॅट’ हा शब्द मुंबईच्या तोंडी रुळला. लोक पैसे भरत, इमारत वर चढत राही, आणि तक्रारीही. नकाशा एक, बांधकाम दुसरंच. ताबा सांगितला तेव्हा नाही. एकच फ्लॅट दोघांना. या तक्रारींची चौकशी करण्यासाठी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत, २० मे १९६० रोजी सरकारने एक समिती नेमली. राज्याच्या पहिल्या महिन्यातल्या निर्णयांत या विषयाला जागा मिळाली, यावरून घराचा प्रश्न किती पेटला होता ते दिसतं.

समितीच्या अहवालातून १९६३चा महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला. वकिलांच्या आणि सोसायट्यांच्या बोलीत तो ‘मोफा’. बिल्डरने जमिनीचा हक्क उघड करावा, मंजूर नकाशे दाखवावेत, नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ नये, खरेदीदारांची संस्था स्थापन करून द्यावी आणि जमीन-इमारत तिच्या नावे करून द्यावी, असं त्याने सांगितलं. कागदावर हा उत्तम कायदा होता. शेवटचं कलम तेवढं वर्षानुवर्षं अपुरं राहिलं.

जमीन सोसायटीच्या नावे करून देणं म्हणजे कन्व्हेयन्स. नियमाने ते संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत व्हायला हवं. हजारो सोसायट्यांत ते झालं नाही, कारण जमीन हातची सोडायला बिल्डर तयार नव्हते. १९९१च्या विकास नियमावलीनंतर टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकासहक्क आला, बांधकामाच्या हक्काला बाजारभाव आला, आणि ज्याच्या नावे जमीन त्याच्या हाती उद्याचे मजले, हे गणित पक्कं झालं. लोक तीस-तीस वर्षं घराचे मालक म्हणून राहिले, पण पायाखालची जमीन मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्याच नावे. २००८च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरण’ आणलं. बिल्डर आला नाही तरी सोसायटी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून जमीन मिळवू शकते. म्हणून जुन्या इमारतीत फ्लॅट घेणाऱ्याने टाइल्स आणि खिडक्या पाहण्याआधी मालमत्ता पत्रकाची प्रत मागावी. त्यावर सोसायटीचं नाव असेल तर पुनर्विकासाची बोलणी सोसायटी आपल्या हक्काने करते. नसेल, तर किमतीच्या घासाघिशीत हा मुद्दा बोलून दाखवण्यात काहीच गैर नाही.

कराराच्या कागदाचाही असाच इतिहास आहे. १९८५पर्यंत फ्लॅटचे करारनामे अवघ्या पाच रुपयांच्या स्टँप पेपरवर होत, पुष्कळदा नोंदणीशिवाय. १० डिसेंबर १९८५ पासून मुद्रांक कायद्यातल्या दुरुस्तीने ताबा देणारा विक्रीचा करारनामाही खरेदीखतासारखाच मानला जाऊ लागला आणि त्यावर पूर्ण मुद्रांक शुल्क लागू झालं. पुढच्या काळातही अनेकांनी शुल्क वाचवायला म्हणून करार कमी स्टँपवर केले, तर काहींनी नुसत्या मुखत्यारपत्रावर घरं विकली. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लँप खटल्यात ठणकावून सांगितलं. आज जुनं घर विकायला काढणाऱ्यापुढे पहिली अडचण येते ती इथेच. पहिल्या खरेदीदारापासून आजच्या मालकापर्यंतची करारांची साखळी अखंड हवी, आणि मधला एक करार सापडत नाही किंवा त्यावर शुल्क कमी भरलंय. हा घोळ गिऱ्हाईक आल्यावर निस्तरायला गेलं की सौदा मोडतो. मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, एवढं विकणाऱ्याने घर दाखवायला सुरुवात करण्याआधीच करून ठेवावं.

नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा म्हणजे सूची क्रमांक दोन. लोक म्हणतात, इंडेक्स टू. हा एकपानी कागद नीट वाचण्याजोगा आहे. विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, भू-मापन व घरक्रमांक, क्षेत्रफळ, देणार, घेणार, दस्त केल्याची आणि नोंदवल्याची तारीख, भरलेलं शुल्क, असे रकाने एकाखाली एक येतात. त्यातच एक रकाना आहे, ‘आकारणी किंवा जुडी देण्यात असेल तेव्हा’. जुडी म्हणजे इनाम जमिनीवरचा सवलतीचा सारा. पंधराव्या मजल्यावरच्या टू-बीएचकेच्या कागदावरही तो रकाना आजपर्यंत कोराच छापला जातो. खरेदीदाराने तीन रकाने मात्र करारनाम्याशी ताडून पाहावेत: क्षेत्रफळ, घरक्रमांक आणि नावांचं स्पेलिंग. यातली चूक वेळीच दिसली तर चूक दुरुस्ती पत्राने सुधारते. वीस वर्षांनी दिसली, तर विकणाऱ्याला शोधत फिरावं लागतं.

सगळ्यात महाग पडलेला कागद कोणता, असं विचारलं तर वरळीच्या कँपा कोला कंपाउंडकडे बोट दाखवावं लागेल. ऐंशीच्या दशकात तिथे सात इमारती उभ्या राहिल्या. मंजुरी पाच मजल्यांची होती. पण त्यातली ऑर्किड सतरा मजल्यांपर्यंत गेली, मिडटाउन वीस. १९८४ मध्येच महापालिकेने काम थांबवण्याची नोटीस दिली होती, तरी घरं विकली गेली, लोक राहायला आले, मुलं तिथे मोठी झाली. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, कधी मिळालंच नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदाच असल्याचं सांगितलं. जून २०१४ मध्ये महापालिकेच्या माणसांनी त्या फ्लॅटांचं पाणी, वीज आणि गॅस तोडला. घर घेताना दिलेला चेक खरा होता, राहण्याची वर्षं खरी होती, सोसायटीची वर्गणीही खरी होती. एक कागद नव्हता. म्हणूनच ‘ओसी आहे का’ एवढं विचारून थांबू नये. ती कोणत्या विंगला, कोणत्या मजल्यापर्यंत मिळाली आहे, हे स्वतः वाचावं. सोसायटीचं पाण्याचं बिलही मागावं. ओसी नसलेल्या इमारतींना महापालिका पाणी जादा दराने देते, त्यामुळे तोंडी उत्तर काहीही असलं तरी बिल खरं बोलतं.

बिल्डरांच्या नव्या प्रकल्पांवर नियंत्रण आणणारा रेरा कायदा २०१६चा. महाराष्ट्रात महारेराची नोंदणी १ मे २०१७ पासून सुरू झाली. मोफातली वीस टक्क्यांची मर्यादा इथे दहावर आली, खरेदीदारांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवणं सक्तीचं झालं, बांधकामातल्या दोषांची जबाबदारी पाच वर्षांची ठरली, आणि ‘सुपर बिल्ट-अप’च्या फुगलेल्या आकड्यांऐवजी विक्री चटईक्षेत्रावर, म्हणजे कार्पेट एरियावर आली. घरातल्या आतल्या भिंती या क्षेत्रात धरतात, बाल्कनी धरत नाहीत. नव्या प्रकल्पात घर बघताना एवढं लक्षात ठेवून टेप लावली तरी पुष्कळ गोष्टी कळतात. प्रकल्पाचे मंजूर नकाशे आणि ताब्याची जाहीर केलेली तारीख महारेराच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. माहितीपत्रकातला रंगीत फोटो पाहून झाल्यावर तिथे जावं.

जुन्या घराच्या विक्रीत मात्र रेरा फारसा कामाला येत नाही. तिथे पुन्हा तालमकींच्या काळातलं शेअर सर्टिफिकेट बाहेर येतं. मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदी असतात: तारीख, नवं नाव, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. विकणाऱ्याचं नाव तिथे शेवटचं नसेल, तर तोच पहिला प्रश्न. आईवडिलांच्या पश्चात घर विकायला निघालेली भावंडं इथे हमखास अडतात. नॉमिनी म्हणून नाव असलं की मालकी आली, हा समज खूप पसरलेला आहे. नॉमिनीच्या नावे सोसायटी तात्पुरतं सभासदत्व करते, पण घर सगळ्या वारसांचं राहतं, आणि विकायचं तर सगळ्यांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोड पत्र लागतं. परदेशी असलेल्या एका बहिणीच्या सहीसाठी सौदा महिनोन्‌महिने अडकून राहिल्याची उदाहरणं या व्यवसायातल्या कुठल्याही वकिलाकडे सापडतील.

विकणाऱ्याला अजून दोन गोष्टी माहीत असाव्यात. सोसायटीने हस्तांतराच्या वेळी घ्यायच्या प्रीमियमवर २००१च्या सरकारी परिपत्रकाने २५ हजार रुपयांची कमाल मर्यादा घातली. त्यापेक्षा जास्त रक्कम ‘देणगी’ म्हणून मागितली गेली, तर ती न देण्याचा सभासदाला पूर्ण हक्क आहे आणि उपनिबंधकाकडे तक्रारही करता येते. दुसरी गोष्ट खरेदीदाराशी जोडलेली आहे. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो, २०१३ पासून. तो कापला जाणार हे आधीच ठरलेल्या रकमेत धरून चालावं, आणि पैसे भरल्याचं प्रमाणपत्र खरेदीदाराकडून चावी देण्याआधी मागून घ्यावं.