स्थळनामे आणि साक्षात्काराचा क्षण : ‘डब्लिनर्स’च्या प्रकाशनाचा इतिहास

आधुनिकतावादी कथेतील साक्षात्काराचा क्षण ही पात्राच्या अंतर्मनात घडणारी घटना आणि स्थळ ही तिची केवळ पार्श्वभूमी, असे सामान्यतः मानले जाते. जेम्स जॉइस यांच्या ‘डब्लिनर्स’ या कथासंग्रहाचा प्रकाशन-इतिहास मात्र या धारणेचा पुनर्विचार करावयास लावतो.

लंडनच्या ग्रँट रिचर्ड्स यांनी प्रथम स्वीकारलेला हा संग्रह १९०६ मध्ये नाकारला. डब्लिनच्या मॉन्सेल प्रकाशनाने १९०९ मध्ये करार केला. परंतु पुढे कथांतील खऱ्या मद्यगृहांची नावे बदलण्याची मागणी केली. वाद चिघळून १९१२ मध्ये छापील फर्मे नष्ट करण्यात आले. अखेरीस १९१४ मध्ये रिचर्ड्स यांनीच या १५ कथा प्रसिद्ध केल्या.

खऱ्या नावांचे मोल ‘द डेड’ या अखेरच्या कथेत स्पष्ट होते. डब्लिनमधील सुशिक्षित गेब्रिएलला एक सहकारी स्त्री इंग्रजाळलेला म्हणून टोचते. पश्चिम आयर्लंडला येण्याचे तिचे निमंत्रण तो टाळतो. त्याच रात्री पत्नीकडून तो गॉलवेतील तिच्या दिवंगत तरुण प्रियकराची हकिकत ऐकतो. ज्या प्रदेशाकडे त्याने पाठ फिरविली, तोच त्याला स्वतःचे अपुरेपण दाखवितो. गॉलवेच्या जागी काल्पनिक गाव असते, तर ब्रिटिश सत्तेखालील आयर्लंडमधील अस्मितेचा संघर्ष केवळ दांपत्यजीवनातील मत्सर ठरला असता.

तात्पर्य, येथे आत्मभान स्थळातूनच उद्भवते. म्हणूनच या कथांच्या अध्यापनात आयर्लंडच्या नकाशाला संहितेइतकेच स्थान असावयास हवे.