रंगाखालचा साबण

महामार्गावरच्या फलकांच्या कमानींवरून, पुलांच्या कठड्यांवरून रंगाचे पापुद्रे निघालेले दिसले, की आपण रंगाऱ्याला बोल लावतो. मीही लावत असे. दोषाचा माग काढत मागे गेलो, तेव्हा तो वेगळ्याच ठिकाणी सापडला.

वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याची रीत मालुएँ या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १७४२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. १८३७ मध्ये सोरेलने पेटंट घेतले. लोखंड गंजापासून वाचले, पण त्यावर तेलरंग टिकेना. जस्त स्वस्थ बसत नाही. ओलाव्यात त्याची अल्कधर्मी संयुगे बनतात, ती तेलातील स्निग्धाम्लांशी संयोग पावतात आणि रंगाखाली चक्क जस्ताचा साबण तयार होतो. मग हात कितीही निगुतीने मारलेला असो, रंग सुटतोच. अल्किड रंगांच्या घडणीतही तेल असते. म्हणून त्यांचीही गत तीच.

आता पृष्ठभाग हलक्या ब्लास्टिंगने खरबरीत करून इपॉक्सीसारखे तेलविरहित अस्तर देतात. मग जस्त आणि रंग एकमेकांना सांभाळतात. जोडीचे आयुष्य दोघांच्या सुट्या आयुष्यांच्या बेरजेहूनही अधिक भरते.

म्हणून पापुद्रा दिसला, की रंगाऱ्याचा हात तपासण्याआधी त्याला कोणता डबा दिला होता, ते विचारावे.